तीन, दोन, एक

पाऊस लागला आणि आमच्या बेळगुंदीत रताळ्याची वेल लावायची घाई सुरू झाली, की घरात कुणाला बसायला सवड नसते. यंदा मात्र धाकटा माडीवर लॅपटॉपसमोर दिवसभर चौकोन रंगवत बसलेला. बेंगळूरची नोकरी सोडून आलाय. एका मित्राबरोबर स्वतःचा व्हिडिओ गेम करतोय, त्यातली चित्रं याच्याकडे. ह्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलेलं, आणि मी दोघांच्या मध्ये.

ही चित्रं जुन्या मारिओसारखी, एकेक चौकोन मोजून भरलेली. मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या जपानी खेळात. सोळा बाय सोळा चौकोनांत तोंड नीट दिसेना म्हणून त्याला मिशी आली, केस जमेनात म्हणून टोपी आली! आज संगणकाला तसली अडचण नाही. तरी दोघा-तिघांत गेम करणारे पुष्कळजण हीच रीत धरतात.

मला काळजी पोटाची. विचारलं, तर त्यानं ‘स्टारड्यू व्हॅली’चं नाव घेतलं. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन मुलानं चित्रं, संगीत, सगळं एकट्यानं करून २०१६ मध्ये तो गेम आणला आणि जगभर खपला. “किती वर्षं लागली?” “साडेचार.” तोवर घर त्याच्या मैत्रिणीच्या पगारावर चाललं, हेही त्यानंच सांगितलं. मी गप्प बसले.

एका संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन सोप्यात आला. पडद्यावर अंबारीचा हत्ती, एकेक चौकोन तुरीच्या डाळीएवढा मोठा केलेला. सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसलेल्या. त्या धारवाडच्या. इतकी वर्षं इथं काढली तरी मोजणी कानडीतच. वाकून बघितलं आणि सोंडेवर बोट ठेवलं. “लेक्क तप्पेद, तम्मा.”

सोंडेची वळणाची पायरी तीन, एक, दोन अशी पडली होती. “मूरु, एरडु, ओंदु हाक,” म्हणाल्या. त्यानं तीन, दोन, एक केलं आणि सोंड खरंच गोल वळली. पोरगा बघतच राहिला.

मग पेटीतून त्यांचं इरकल निघालं. पदरावर कसुतीचं गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती. कापडावर रेघ आखायची नाही, धागे मोजून सुई घालायची. गाठ मारायची नाही. गावंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. मुरगी पायरीपायरीनं तिरकी चढते, मेंथीच्या फुल्यांनी आतली जागा भरते. “अज्जी, म्हणजे मेंथीची एक फुली म्हणजे माझा एक चौकोन!” तो ओरडला.

धारवाडकडच्या या कसुतीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण सासूबाईंचे नमुने कुठल्या वहीत नाहीत, सगळे डोक्यात. डोळे अधू झाल्यापासून चार वर्षं त्यांनी सुई धरली नव्हती. काळ्या इरकलीवरचे धागे दिसत नाहीत, म्हणून पेटीला कुलूपच. पडद्यावरची डाळ मात्र त्यांना दिसते. आता रोज दिवेलागणीनंतर त्या मोजतात आणि तो भरतो. चुकला की हातावर चापट बसते.

परवा हे शेतावरून आले, पाय धुऊन दारातच उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, “रथाचं चाक लहान झालंय.” दोन महिन्यांत पहिलं वाक्य! सासूबाईंनी मोजून बघितलं. चाक बरोबरच होतं. पण पोरानं काही न बोलता ते एका चौकोनानं वाढवलं.

गेम खपेल की नाही, देव जाणे. वर्षभर वाट बघायची, नाहीतर पुन्हा नोकरी, असं घरात ठरलंय. पण तुमच्याही घरात एखादी अज्जी आणि कुलूप लावलेली पेटी असेल, तर ती उघडायला लावा. लॅपटॉप नसला तरी चालेल. नातवंडांच्या गणिताची चौकटीची वही पुरते.