गावच्या मालाला गिऱ्हाईक हवं, भक्त नको

2009 मध्ये पुण्यात ‘डूलाली’ने स्वतःच बिअर तयार करून तिथल्या तिथे विकायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या बिअरप्रेमींना एक नवा वाद मिळाला. आपल्या शहरातल्या छोट्या उत्पादकाची बिअर घ्यायची, की बेल्जियम-जर्मनीहून येणारी, चवीला उजवी असलेली? एक पक्ष म्हणतो, आपल्या माणसाला आपण नाही जगवणार तर कोण जगवणार? दुसरा म्हणतो, ग्लासात काय आहे ते बघा, ते आलं कुठून याच्याशी काय देणंघेणं?

वर्ध्यात हा वाद रंगायचा नाही, कारण जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण बिअर बाजूला केली तरी वाद शिल्लक राहतोच. तो तेलाच्या डब्याचा आहे, खादीच्या सदऱ्याचा आहे, हळदीच्या पाकिटाचा आणि गोरसपाक या तुपातल्या बिस्किटांच्या पुड्याचाही आहे. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. तेव्हापासून हा जिल्हा या प्रश्नाशी झटतो आहे. म्हणून त्यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि जबाबदारीही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गावच्या मालाला पहिली संधी द्यावी आणि पहिली तक्रारही त्याच्याचकडे करावी. यातलं एकच करणारे दोन्ही पक्ष चुकतात.

आधी ‘आपलं ते चांगलं’ म्हणणाऱ्यांकडे वळू. माल जवळचा आहे म्हणून तो घ्यावा, दर्जाची चिकित्सा करू नये, हे त्यांचं मत. हे खरं मानलं तर वर्धा जिल्ह्यात सगळ्यात आधी हातभट्टीचा सत्कार करावा लागेल. गावाबाहेरच्या नाल्याकाठी पुरलेला मोहाचा सडवा पोलीस उकरून काढतात, ओतून देतात, त्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्याच्याइतका स्थानिक माल दुसरा कोणता? मोह इथला, सरपण इथलं, गाळणारा इथला, पिणाराही इथला. तरी त्या दारूला ‘आपली’ म्हणून कोणी उराशी धरत नाही. म्हणजे स्थानिक असणं हा आपोआप गुण नाही, हे आपण सगळे मनातून जाणतोच. फक्त साबण, अगरबत्ती, सदरा यांची वेळ आली की ‘आपला तो बाब्या’ सुरू होतं.

मग गांधीजींचं नाव पुढे केलं जातं. पण त्यांची स्वदेशी इतकी भाबडी नव्हती. 1925 मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी स्पष्ट लिहिलं की शस्त्रक्रियेची उपकरणं ते इंग्लंडहून घेतील, टाचण्या-पेन्सिली ऑस्ट्रियाच्या घेतील, घड्याळ स्वित्झर्लंडचं घेतील, मात्र परदेशी कापड कितीही तलम असलं तरी इंचभरसुद्धा घेणार नाहीत. कारण त्या कापडाने इथल्या कोट्यवधींच्या हातचं काम गेलं होतं. घड्याळाने कोणाची चूल विझत नव्हती, कापडाने विझत होती. कसोटी अंतराची नव्हती, परिणामाची होती. त्यांचं झेनिथ घड्याळ स्विस बनावटीचंच होतं. (2009 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला तेव्हा ते घेतलं किंगफिशर बिअरवाल्या विजय मल्ल्यांनी. नियतीलाही विनोदबुद्धी असते.) सेवाग्रामात इथल्याच माती-बांबूच्या कुटीत राहणाऱ्या या माणसाच्या आश्रमात व्हाइसरॉयने बसवून दिलेला टेलिफोनही होता. तो इथल्या सुताराने घडवलेला नाही म्हणून कोणी परत पाठवला नाही.

दर्जाच्या बाबतीत तर ते फार कडक होते. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचल्या की आजही घाम फुटतो. आठ तासांत 16,000 वार सूत निघावं, सूत 12 ते 20 नंबरचं असावं, यंत्राची किंमत 150 रुपयांवर जाऊ नये आणि ते 20 वर्षं टिकावं. किर्लोस्करांच्या कारखान्यात काळे नावाच्या गृहस्थांचा चरखा तयार झाला, त्याची तपासणी झाली आणि तो अटींत बसला नाही. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. मराठी माणसाने, मराठी कारखान्यात, स्वदेशीसाठी बनवलेलं यंत्र होतं; तरीही ‘आपलंच आहे, चालवून घेऊ’ असं कोणी म्हणालं नाही. पुढे एकांबरनाथन या तमिळ माणसाचा अंबर चरखा आला आणि तो खादीच्या कामाने उघड्या मनाने घेतला. म्हणजे इथल्या चळवळीने बाहेरची चांगली गोष्ट नाकारली नव्हती.

याच्याशेजारी आजचा एक प्रसंग ठेवतो. विदर्भातल्याच एका खादीच्या दुकानात मी सदरा घेतला. पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटावरून वर चढल्या आणि दुसरं काज उसवलं. सदरा घेऊन परत गेलो. काउंटरवरच्या माणसाने हात न लावता लांबूनच तो पाहिला आणि म्हणाला, “खादी हाये ना जी, पयल्या पान्यात आटनारच.” कापड आधीच पाण्यातून काढून मग शिवता येतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण गिऱ्हाईक श्रद्धेपोटी आलं आहे, ते पुन्हा येईल, हा भरवसा त्याच्या चेहऱ्यावर होता. तो भरवसा आपणच दिला आहे. न कुरकुरता घेणाऱ्याने कारागिराचं भलं होत नाही, त्याची सुधारण्याची गरजच संपते.

आता दुसऱ्या पक्षाकडे येऊ. ‘पैसे माझे, जीभ माझी, जे सरस ते मी घेणार, मग ते चंद्रावरून का येईना.’ ऐकायला बिनतोड. पण यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की दर्जा कुठेतरी तयार होऊन बसलेला असतो आणि आपण फक्त निवड करायची असते. प्रत्यक्षात दर्जा घडतो, आणि तो घडवण्यात गिऱ्हाइकाचा वाटा मोठा असतो.

वर्धा घाणीचंच बघा. गावोगावी बैलघाणे होतेच. गिरणीच्या तेलापुढे ते मान टाकत होते. मगनवाडीतल्या मंडळींनी ‘तेली आपला आहे, तेल घ्या’ एवढ्यावर भागवलं नाही. झवेरभाई पटेलांनी घाण्याचीच रचना तपासली, एका खेपेत जास्त दाणा बसावा आणि उतारा वाढावा अशी सुधारित घाणी तयार केली. तीच पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली आणि खादी-ग्रामोद्योग आयोगाने ती देशभर नेली. 1934 मध्ये सगळ्यांनी ‘जे आज सरस तेच’ म्हटलं असतं, तर ही सुधारणा करायला कोणी बसलंच नसतं. आजचा डावा माल उद्या उजवा व्हायचा तर आज त्याला कोणीतरी गिऱ्हाईक लागतं. मात्र तोंड उघडणारं गिऱ्हाईक.

दुसरं असं की काही जिनसांत जवळ असणं हाच दर्जा असतो. विदर्भात जवसाचं तेल पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं गेलं. या तेलातली स्निग्धाम्लं हवेशी फार लवकर बिघडतात. तेल खवट होतं, घशाशी लागतं. शुद्ध, कच्च्या घाणीचं जवस तेल हजार मैलांवरून आणून महिनोन्‌महिने फळीवर ठेवणं ही त्याची हत्याच आहे. ते इथेच गाळावं, इथेच संपवावं. न गाळलेल्या ताज्या बिअरबद्दल तिचे जाणकार हेच सांगतात. म्हणजे लांबून आलेलं ‘सरस’ आपल्या हातात पडेपर्यंत सरस उरतंच असं नाही.

तिसरं, ‘आम्ही दर्जा बघून घेतो’ हा दावा बहुतेक वेळा खोटा असतो. आपण जाहिरात बघून घेतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुरकुमीन भरपूर, रंग गडद. हळदीचं नाव गावाला इतकं चिकटलं की लोक गावालाच वायगाव (हळद्या) म्हणतात. तरी वर्ध्यातल्या किती डब्यांत ती आहे? बहुतेक स्वयंपाकघरांत टीव्हीवर दिसणारं पाकीटच फोडलं जातं. दोन्ही हळदी चिमूटभर पाण्यात कालवून शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या का? पिकतं तिथे विकत नाही, ते असं. इथे तर सरस मालच दाराशी आहे आणि ‘चांगलं ते घ्या’ म्हणणारेच त्याला वळसा घालून जातात.

या दोन पक्षांपलीकडचा आणखी एक आक्षेप आहे आणि तो जास्त टोकदार आहे. ‘स्थानिक’ म्हणजे नेमकं काय? शहरातल्या छोट्या बिअरवाल्याचं हॉप्स परदेशातून येतं, माल्टही अनेकदा बाहेरचं असतं. इथलं काय, तर पाणी आणि पाटी. खादीलाही हा प्रश्न चुकलेला नाही. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारातही घेतलं जाई. पण देशभरच्या अनेक खादी संस्थांचे पेळू आयोगाच्या चित्रदुर्ग, सिहोर, रायबरेली अशा केंद्रांतून येतात. कापूस कुठला, पेळू कुठले, सूत कुठलं आणि शिक्का कुठला! आक्षेप खरा आहे, पण त्यातून ‘मग स्थानिक काहीच नसतं’ हा निष्कर्ष निघत नाही. ग्रामोद्योग संघाचे पहिले चिटणीस जे. सी. कुमारप्पा मुळात हिशेब तपासनीस. प्रत्येक वस्तूचा खर्च आणि लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हे ते शोधत. तीच नजर हवी. वस्तू इथली की तिथली हे पाटी सांगत नाही. काम, कसब आणि कमाई यातलं काय इथे राहतं ते सांगतं. ही तिन्ही इथे राहत असतील, तर दोन घटक बाहेरून आले म्हणून बिघडत नाही. तिन्ही बाहेर जात असतील, तर वर चरख्याचं चित्र छापून उपयोग नाही.

किमतीचं उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवं. घाणीचं तेल महाग असतं, त्याला कारण आहे. घाणीच्या ढेपेत बरंच तेल राहून जातं. मोठ्या कारखान्यात द्रावक वापरून ते जवळजवळ सगळं ओढून घेतात, जेमतेम एखादा टक्का मागे उरतो. ढेपेतलं तेल गुराच्या पोटात जातं, वाया जात नाही. पण बाटलीची किंमत वाढते हे खरंच. ज्या घरात महिन्याचं तेल पळीने मोजून वापरतात, त्या घराला स्वदेशीचं प्रवचन देणं हा निर्लज्जपणा आहे. हे कर्तव्य आधी ज्यांना परवडतं त्यांचं आहे. आणि वर्ध्यात परवडणाऱ्यांची संख्या आता लहान नाही.

मग करायचं काय? घड्याळ, औषध, फोन, सायकल यांच्या बाबतीत उगाच अपराधी वाटून घेऊ नये. बाहेरचं उत्तम असेल ते खुशाल घ्यावं. पण जे लवकर बिघडतं, ज्याचा कच्चा माल आपल्याच शेतात पिकतो आणि ज्याचा कर्ता आपल्याला समोर भेटू शकतो, ते आधी इथलं बघावं. तेल, हळद, डाळ, दूध, कापड या यादीत येतं. मगन संग्रहालयाची नैसर्गिक रंगांची, सेंद्रिय कापसाची खादी किंवा गोपुरीच्या ग्रामसेवा मंडळाचं काम आपल्यापासून सायकलवर जाऊन बघण्याइतकं जवळ आहे. बघावं, हात लावावा, चार प्रश्न विचारावेत.

आणि सरकारला, संस्थांना एक विनंती. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट लागते आणि गिऱ्हाईक तेवढ्यापुरतं उगवतं. सूट गिऱ्हाइकाला उणिवेची भरपाई देते. 1 लाखाचं ते बक्षीस कारागिराला उणीव काढायला लावत होतं. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिच्यामार्फत या सवलतीचा थोडा पैसा न आटणाऱ्या कापडाच्या, न खवटणाऱ्या तेलाच्या स्पर्धेवर लागला तर काय बिघडेल?

चांगला माल स्वतःच्या बळावर उभा राहतो याचा पुरावा वर्ध्यातच आहे. पाहुणा निघाला की गोरस भांडारचा गोरसपाक त्याच्या पिशवीत जातो. दुकानात बिस्किटांच्या रंगीत पाकिटांची भिंत उभी असते, तरी जातो. हातात घेतला की तुपाचा वास येतो, दाताखाली धरला की भुगा होतो. कोणी तो कीव म्हणून नेत नाही, उपदेश ऐकून नेत नाही. इथल्या प्रत्येक मालाचं हे व्हायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी घाणीवर जाल तेव्हा तेल जरूर घ्या, पण आधी विचारा, गाळलं कधी? बाटलीवर तारीख नसेल तर लिहून मागा. खवट निघालं तर गुपचूप ओतून देऊन मॉलची वाट धरू नका. बाटली घेऊन परत जा आणि बदलून मागा. तीनदा सांगूनही फरक पडला नाही, तर बेलाशक दुसरीकडून घ्या, आणि का घेतलं ते त्याला तोंडावर सांगा.