लकव्याच्या हाताला 'करंट': नुसते पडून राहून भागत नाही

"डॉक्टरसाहेब, बाबांच्या हाताला रोज करंट लावतो, तरी हात का उघडत नाही?" कामठीत लकव्याच्या रुग्णांच्या घरून हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. मी विचारतो, "करंट चालू असताना बाबा काय करतात?" उत्तर बहुतेक वेळा एकच, "काही नाही, पडून असतात."

माझ्या मते चूक इथेच होते.

लकव्यात मूळ बिघाड हाताच्या स्नायूत नसतो, मेंदूत असतो. मेंदूचा हुकूम हातापर्यंत नीट पोहोचत नाही. कोपर आणि मनगटाच्या मधे, हाताच्या मागच्या बाजूला मशीनचे पॅड लावले की सौम्य करंटने मनगट वर उचलते, बोटे उघडतात. पण हे काम मशीनने केले. रुग्णाने जोरच लावला नाही, तर मेंदू शिकणार कसा?

१९६१ मध्ये अमेरिकेत डॉ. लिबरसन यांनी लकव्यामुळे लोंबणाऱ्या पावलासाठी करंट वापरला. त्याचे बटण बुटाच्या टाचेत होते. टाच उचलली की करंट सुरू, टेकली की बंद. करंट रुग्णाच्या चालण्याशीच जोडलेला होता. हातासाठीही तेच सूत्र धरा.

करंट आला की रुग्णाने स्वतः बोटे उघडायचा जोर लावावा. त्यातच रिकामा पेला धरावा, सोडावा. कामठी हे विडी कामगारांचे जुने गाव. ज्या हाताने आयुष्यभर विड्या वळल्या, त्याला तेंदूपान धरायला द्या. ओळखीचे काम असले की सराव टिकतो.

पहिल्या काही महिन्यांत हालचाल अगदी कमी असेल किंवा खांदा सांध्यातून खाली सरकत असेल, तर करंटचा उपयोग होऊ शकतो. मात्र तो व्यायामाच्या जोडीला हवा, व्यायामाऐवजी नको. म्हणून मशीन विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून सराव शिकून घ्या. नागपूरच्या मेडिकलमध्येही फिजिओथेरपीची सोय आहे.

पेसमेकर असेल तर करंट लावू नका. फिट येत असतील, गर्भारपण, कॅन्सर किंवा रक्ताची गाठ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जखमेवर पॅड नको. हात बधिर असेल तर भाजलेलेही कळत नाही, म्हणून त्वचा रोज तपासा. आणि रुग्णाला उठवताना लकव्याचा हात धरून ओढू नका.

उद्या मशीन लावाल तेव्हा टीव्ही बंद ठेवा, बाबांना शक्य असेल तर बसवा आणि म्हणा, "बाबा, आता तुम्हीपण जोर लावा."