तीन बोटं आणि एक काफ

नववीतला एक मुलगा उर्दूच्या तासाला 'काफ' नीट म्हणेना. कामचुकारपणा समजून मी दोनदा रागावलो. पुढे रमजानात इफ्तारला तो शेजारी बसला. मिरचीच्या भज्याचा तुकडा तोंडात घालताच त्याचे डोळे भरून आले, आणि खजूरसुद्धा तो चिमटीने आत सरकवत होता. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत. त्याची दोन कशीबशी मावली. माझ्या रागावण्याची मला लाज वाटली.

याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 साली केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये हा आजार नोंदवला गेला. गाल, टाळू, पडजीभ आतून आखडतात आणि काहींच्या बाबतीत पुढे कॅन्सर होतो. मूळ कारण सुपारी.

सुपारीतल्या तुरट द्रव्यांना चुना भेटला की त्यांची ऑक्सिजनशी क्रिया होऊन सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे जहाल पदार्थ तयार होतात. तसे ते आपल्या पेशीतही रोज थोडे निघतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची चूल. तिथे ऊर्जा तयार होताना काही ठिणग्या उडणारच, आणि त्या विझवायची सोय अल्लाहने शरीरातच केली आहे. पण दिवसभर गालात पुडी धरली की ही सोय अपुरी पडते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए चुलीला अगदी लागून असतो, तोही पोळतो. बिघडलेली चूल मग जास्तच ठिणग्या टाकते. सुपारीतलं तांबं आणि अरेकोलिन वेगळेच. त्यांनी आतले तंतू वाढतात, घट्ट होतात.

"सर, आमची सादी आहे, तंबाखू नाही," हे मी बापांकडूनही ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तरी आपल्या लग्नांत जेवणानंतर तिचीच तबकं फिरतात, आणि आपण सारे त्यात हात घालतो.

दुसरी पळवाट अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची. डॉक्टर इलाजात त्या देतात, पण पुडी सोडायला लावून. इकडे पुडी, तिकडे गोळी, असा हिशोब जुळत नाही. फिनलंडमध्ये 29 हजार सिगारेट ओढणाऱ्यांवर चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढला होता.

राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. आमचा हिमायतनगर तालुका तेलंगणाच्या हद्दीवर. इथे पोरगंसुद्धा मागेल तेव्हा पुडी मिळवतं. पण सगळं सरकारवर ढकलायला माझं मन तयार नाही. "सुटत नाही" म्हणणारी हीच पोरं रोज्यात 13 तास पुडीला शिवत नाहीत. मगरिबची नमाज झाली की मात्र मशिदीबाहेर पहिली पुडी फाटते. मिस्वाकची फजीलत आपण दरवर्षी ऐकतो. एका जुम्म्याला खतीबसाहेबांनी बयानात तीन बोटांची परीक्षा सांगितली तर काय बिघडेल?

तो मुलगा आता नांदेडला दाखवून आला आहे. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरतो, तोंड उघडायचा व्यायाम म्हणून. मागच्या महिन्यात एक काडी वाढली. काफ अजून येत नाही. मी आता त्यासाठी टोकत नाही.