देव कोणाच्या मागे जातात?

एका लोकप्रिय इंग्रजी बालकादंबरीविषयी आणि तिच्या निमित्ताने आपल्या घरच्या ठेव्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते. अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांची 'द लायटनिंग थीफ' २००५ साली प्रसिद्ध झाली आणि २००९ पर्यंत तिचे आणखी चार भाग आले. पुढे चित्रपटही निघाला. रायर्डन मूळचे शाळामास्तर. त्यांच्या मुलाला वाचताना फार अडचण येई. त्याला झोपताना ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा त्यांनी एक नवाच वीर निर्माण केला.

तो वीर म्हणजे पर्सी जॅक्सन. वय वर्षे बारा, राहणार न्यूयॉर्क, एकामागून एक शाळांतून काढून टाकलेला. हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा निघतो. देवराज झ्यूसचे वज्र चोरीला गेले आहे आणि आळ याच्यावर आहे. ते शोधायला तो दोन सोबत्यांसह अमेरिका पालथी घालतो. जिच्या नजरेने माणसाचा दगड होतो ती मेडूसा रस्त्याकाठी बागेतले पुतळे विकत बसलेली असते. जे फळ खाऊन ओडिसियसचे खलाशी घरची वाट विसरले, त्याचे इथे लास व्हेगासमधले जुगाराचे हॉटेल झाले आहे. आत थोडा वेळ खेळलो असे वाटते आणि बाहेर यावे तो पाच दिवस उलटलेले! आमच्या वसतिगृहातील मोबाइलभक्तांनी हा भाग जरूर वाचावा.

पण मला ही कादंबरी मोलाची वाटते ती दुसऱ्याच कारणासाठी. पर्सीला अक्षरे नाचताना दिसतात, वर्गात एका जागी बसवत नाही. लेखक म्हणतो, त्याचे डोके प्राचीन ग्रीकसाठी घडलेले आहे आणि त्याची चुळबूळ ही लढवय्याची सावधगिरी आहे. शास्त्र म्हणून हे अर्थातच खरे नव्हे. पण माझ्या भाच्याचीही अक्षरे अशीच उलटसुलट होतात आणि वर्गात त्याला 'ढ' हीच पदवी मिळालेली आहे. सुटीत मी त्याला ही गोष्ट मराठीत तोंडी सांगितली. मेडूसा, वज्र, राक्षस यांच्याविषयी त्याने काही विचारले नाही. एवढेच विचारले, "मावशी, त्याला पण मागच्या बाकावर बसवायचे का गं?" अशा मुलाला नायकपद देणारे पुस्तक त्याच्या भाषेत, त्याच्या मुलखाचे असावे, एवढीच माझी मागणी आहे.

आता कोणी म्हणेल, मग नावे बदलून टाका. झ्यूसच्या जागी इंद्र, पोसायडनच्या जागी वरुण. तसे काम झालेही आहे. २०१८ मध्ये रायर्डन यांच्याच नावाच्या ग्रंथमालेत रोशनी चोक्षी या अमेरिकन लेखिकेची 'आरू शाह' ही कादंबरी आली. तिच्यात पांडवांनी मुलींच्या रूपाने पुन्हा जन्म घेतला आहे. औंढ्याचे नागनाथ मंदिर धर्मराजाने बांधले असे आपल्याकडे सांगतात. ते पांडव आता अटलांटा शहरी अवतरले! हरकत नाही. परंतु नुसती नावे बदलून भागणार नाही, कारण दोन्हीकडच्या देवांचा स्वभावच निराळा आहे. रायर्डन यांच्या कादंबरीत देव पाश्चात्त्य संस्कृतीच्या बलाढ्य केंद्राबरोबर मुक्काम हलवतात. आधी ग्रीस, मग रोम, आणि आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा सहाशेवा मजला. जिकडे सत्ता तिकडे देव! ही कल्पना मला मुळीच रुचली नाही.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातली गोष्ट याच्या अगदी उलट आहे. औंढा नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तेथून उठवले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे देव मागच्या बाकाकडे वळला. बालकादंबरीला यापेक्षा मोठा चमत्कार कोणता हवा?

आणि साहसाचा सांगाडाही तयार आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका हाती थापटणे घेऊन एकेकाचे डोके मडक्यासारखे ठोकून पाहतात, आणि नामदेव कच्चे ठरतात. भर सभेत 'नापास'! मग ते गुरूच्या शोधात औंढ्याला येतात, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडी उमटते. (जाता जाता सांगायचे म्हणजे, गोरोबांचे तेर हेच ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या जुन्या प्रवासग्रंथातले 'तगर' असे अभ्यासक मानतात. तेव्हा ग्रीकांना आपण अगदीच परके नाही.) कयाधूकाठचे नर्सी हे नामदेवांचे गाव, औंढ्याच्या देवळात जमिनीखालच्या गाभाऱ्यात नेणारी ती अरुंद वाट, हिंगोलीच्या दसऱ्याची गर्दी, हे सारे आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे फुरसुंगीचा केला, म्हणून तो आजही खरा वाटतो. आपला नायक नर्सीचा का नसावा?

एक आक्षेप मात्र खरा आहे. झ्यूसची पूजा आज जवळजवळ कोणी करीत नाही, म्हणून मद्यदेव डायोनायससच्या हाती थंड पेयाचा डबा दिला तरी चालते. आपले देव पूजेतले आहेत, लोक दुखावतील. ही भीती मलाही वाटते. पण ज्या मराठीत जनाबाईबरोबर विठ्ठल दळण दळतो, आणि नैवेद्य खात नाही म्हणून लहानगा नामदेव देवाशी हट्टाने भांडतो, त्या मराठीत देवाशी सलगी करण्याची रीत नवी नाही. थट्टा आणि सलगी यांतला फरक लेखकाने सांभाळावा, म्हणजे झाले.

अडचण आहे ती लिहिणाऱ्यांची. 'चांदोबा' बंद पडला. 'किशोर' १९७१ पासून आपले काम करीत आहे, पण एका मासिकाने किती भार वाहावा? आमच्या मराठीच्या वर्गात कविता करणारे पुष्कळ आहेत, माझ्यासह. मुलांसाठी लिहिणारा एकही नाही. भाच्याने गोष्टीचा दुसरा भाग मागितला आहे आणि त्याला या वेळी नदी आपली हवी आहे. पहिले प्रकरण मी थापटण्याच्या आवाजापासून सुरू केले आहे.