आधीं निदान, मग खर्च

किल्ली फिरवितांच मोटारींतून नुसती ‘टिकटिक’ ऐकूं यावी व यंत्र सुरू होऊं नये, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. अशा वेळीं घाईनें नवी बॅटरी विकत आणणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींना विजेचा स्टार्टर मिळाला, व हँडल मारण्याचे श्रम वाचूं लागले; विचाराचे श्रम मात्र कोणाचेच वाचले नाहींत.

त्या आवाजास थोडी वीज पुरते. यंत्र फिरविण्यास बहुधा १०० हून अधिक अँपिअर लागतात. म्हणून दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे मंदावून टिकटिक चालू राहिल्यास बॅटरी उतरली आहे, किंवा तिचीं टर्मिनलें सैल वा गंजलेलीं आहेत, असें समजावें. तीं साफ करून आवळल्यानें कित्येकदां काम भागतें. दिवे तेजस्वी राहून एकदांच ‘टक्’ झाल्यास दोष बहुधा स्टार्टरचा. तेथें कुशल मिस्त्रीच पाहिजे.

रात्रीं आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावयाचें असतां एवढेंच ज्ञान उपयोगी पडेल. पालकांनीं ही परीक्षा मुलांस आपल्या देखरेखीखालीं अवश्य दाखवावी. कारण शोधण्याची संवय पुस्तकी विज्ञानापेक्षां अधिक काळ टिकते, असें आमचें मत आहे.