परक्या अक्षरांचें गोंदण

अंगावर अक्षर गोंदवून घेणें म्हणजे जन्माचा दस्तऐवज करून देणें होय. आणि दस्तऐवज न वाचतां त्यावर अंगठा उठविणारास आपण आजवर कधीं शहाणा म्हटलेलें नाहीं. असें असतां, ज्या लिपीचें एकहि चिन्ह आपणांस ओळखतां येत नाहीं, त्या चिनी किंवा जपानी लिपींत आपलें नांव अथवा ब्रीद कातड्यावर कोरून घेण्याची हौस सांप्रत आमच्या तरुणांस लागली आहे. ती मोठ्या शहरांची वेस ओलांडून लहान गांवांतहि शिरली आहे. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस प्राप्त आहे.

नागपूर जिल्ह्यांतील भिवापूर हें मिरचीसाठीं नांवाजलेलें तालुक्याचें गांव. तेथें एका लग्नघरीं आम्हांस एक पदवीधर तरुण भेटला. त्याच्या दंडावर कांहीं चिनी चिन्हें उभ्या ओळींत गोंदलेलीं होतीं. आम्हीं विचारलें, "बाळ, हें काय लिहिलें आहे?"

"काका, माझं नाव आहे."

"कोणाकडून वाचवून घेतलें?"

"वाचायचं काय त्यात? दुकानातल्या तक्त्यात 'ए' पासून 'झेड' पर्यंत सगळी अक्षरं होती."

येथेंच सारें बिंग फुटतें! चिनी लिपींत आपल्यासारखी वर्णमालाच नाहीं. तेथील प्रत्येक चिन्ह एका उच्चाराचें, आणि बहुधा एका अर्थाचेंहि, असतें. इंग्रजीच्या २६ वर्णांपुढें २६ चिनी चिन्हें मांडणारा तक्ता ही शुद्ध बनवाबनवी होय. त्यावरून लिहिलेलें नांव चिनी मनुष्यास नांव म्हणून वाचतांच येणार नाहीं. परकीं नांवें चिनी लिपींत लिहीतच नाहींत असें नव्हे. सातव्या शतकांत पुलकेशीच्या राज्यांत येऊन गेलेल्या ह्युएनत्संगानें 'महाराष्ट्र' हें नांव 'मो-हो-ला-छा' अशा उच्चाराच्या चार चिन्हांनीं लिहून ठेविलें आहे. परंतु त्यानें तें कानानें ऐकून लिहिलें, तक्त्यावरून उतरविलें नाहीं.

बरें, अर्थाचें चिन्ह घ्यावें तरी धोका टळत नाहीं. 'मोठा' ह्या अर्थाच्या चिनी चिन्हावर उजव्या खांद्यास एक ठिपका पडला कीं त्याचा 'कुत्रा' होतो! एका 'ध'चा 'मा' झाल्याची कथा ज्या महाराष्ट्रांत पोराटोरांस ठाऊक आहे, तेथें हें अधिक फोड करून सांगावयास नको. २०१९ सालीं अमेरिकेंतील प्रसिद्ध गायिका आरियाना ग्रांदे हिनें 'सात अंगठ्या' असें सुचविणारीं दोन चिन्हें तळहातावर गोंदविलीं. जपानी लोकांनीं तीं वाचलीं तों त्यांचा अर्थ निघाला 'कोळशाची शेगडी'.

यावर कोणी म्हणतील, "तुम्ही उगाच कीस काढतां, ही तर केवळ शोभा!" शोभाच हवी असेल तर वेलबुट्टी काय थोडी आहे? परंतु अक्षर म्हणजे वेलबुट्टी नव्हे. अक्षर उमटलें कीं तें कांहीं तरी बोलतें, आणि तें काय बोलतें याची जबाबदारी अंगावर वागविणारावर येते.

दुसरा आक्षेप असा कीं, परकें म्हणून आम्हांस तें नको. हा आरोप आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जपानचा कूकाइ नांवाचा भिक्षु ८०४ सालीं चीनला गेला, तेथें भारताच्या बाजूनें आलेल्या प्रज्ञ नामक पंडिताकडे संस्कृत शिकला आणि ८०६ सालीं आपली सिद्धम् लिपि घेऊन स्वदेशीं परतला. त्या लिपींतील बीजाक्षरें जपानी मंदिरांत आजहि पूजिलीं जातात. परक्या अक्षराचा याहून मोठा मान कोणता? पण त्यानें आधीं गुरु केला, मग अक्षर घेतलें. नागपूरच्या परिसरास तर जपान अगदींच परका नाहीं. कामठीचें ड्रॅगन पॅलेस मंदिर जपानी साह्यानेंच उभें राहिलें. ज्याला त्या लिपीची खरी ओढ असेल त्यानें ती खुशाल शिकावी, आणि मग हवी तर दंडावर मिरवावी. आम्ही प्रथम अभिनंदन करूं.

त्या तरुणाची आजी त्याच मांडवांत बसली होती. सातऱ्यावर मिरच्यांचे देठ खुडण्यांत तिचें आयुष्य गेलें. तिच्या मनगटावर हिरवट पडलेलें तुळशीवृंदावन आणि भोंवतीं ठिपके होते. आम्हीं विचारतांच तिनें प्रत्येक ठिपका बोटानें दाखवून सांगितला: हा माहेरचा, हा सासरचा, आणि ही तुळस मेल्यावरहि संगतीं येणार, दागिने सगळे येथेंच राहणार. तिला पाटीवरचें एक अक्षर ओळखतां येत नव्हतें. तरी आपल्या अंगावर काय लिहिलें आहे हें ती जाणत होती. गोंदणारणीलाहि तें ठाऊक होतें आणि शेजारणींनाहि.

नातू तीन भाषा वाचतो. पण स्वतःचा दंड त्यास वाचतां येत नाहीं. आमच्या शिक्षणानें या घराला दोन पिढ्यांत काय दिलें आणि काय नेलें, याचा हिशेब वाचकांनींच करावा, आणि आपल्या मुलानें उद्यां असाच हट्ट धरला तर त्यास रागें भरण्यापूर्वीं एवढाच प्रश्न विचारावा, "हें तुला वाचतां येतें काय?"