एकान्तात शिकलेला धडा

निराशा आणि नैराश्य या दोन शब्दांत रोजच्या बोलण्यात आपण फरकच ठेवत नाही. परीक्षेत गुण कमी पडले की निराशा येते आणि चार दिवसांत ओसरते. नैराश्य हा आजार मात्र आठवडेच्या आठवडे झोप, भूक, उमेद सारेच पोखरत राहतो. शब्द एक झाले की उपायही एकच सुचतो : 'मन घट्ट कर.' ज्याला ते जमत नाही, तो आजारी न ठरता दुबळा ठरतो.

संगणकावरून मिळणारे शिक्षण हा कलंक पुसू शकेल काय? कॅनबेरा येथील कॅथलीन ग्रिफिथ्स, हेलन क्रिस्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याची लक्षणे असलेल्या ५२५ जणांसह केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. काहींना या आजाराची माहिती देणारे 'ब्लूपेजेस' हे संकेतस्थळ दिले, काहींना स्वतःचे विचार तपासायला शिकवणारे 'मूडजिम'. तुलनेसाठी ठेवलेल्या तिसऱ्या गटापेक्षा या दोन्ही गटांत आजाराविषयीची स्वतःच्या मनातली तुच्छता कमी झाली. थोडीच, पण झाली. मात्र 'लोक अशा माणसाला काय समजतात' ही धास्ती 'ब्लूपेजेस'ने हलली नाही, आणि 'मूडजिम'च्या गटात तर ती वाढलेली दिसली.

आम्हांस हा निष्कर्ष मार्मिक वाटतो. शिकणारा बदलला, त्याच्या भोवतीचे घर होते तसेच राहिले.

आपल्याकडे डॉ. आनंद नाडकर्णी यांची ठाण्यातील आयपीएच ही संस्था मनाच्या आजारांवर मराठीतून चित्रफिती काढते. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. या सोयींचे मोल मोठे आहे. परंतु रात्री दार लावून एकट्याने ऐकलेला धडा त्या खोलीबाहेर जात नाही. सकाळी तेच घर, तेच कार्यालय, आणि लग्न ठरवताना गोळ्यांचे नाव काढू नये हा तोच सल्ला.

मधुमेहाचे पथ्य साऱ्या घराला ठाऊक असते. नैराश्याची ओळख एकट्या रुग्णाने का करून घ्यावी? म्हणून आमचे म्हणणे इतकेच : अशी चित्रफीत हाती आली, तर ज्याचा चेहरा उतरला आहे त्याच्याआधी, त्याला 'मन घट्ट कर' असे सांगणाऱ्याला ती दाखवावी.